कुयली, सर्पगंधा आणि लुळा पडलेला ससा

दिवाळी सरली, भाताची कापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या डोंगरवाटांवर एक वेल वाळायला लागते. पावसात ती करवंदीच्या जाळ्यांवर, कुंपणांवर, मिळेल त्या झाडावर चढलेली असते. पाऊस ओसरताना तिला जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि मग शेंगा धरतात. बोटभर लांब, दोन्ही टोकांना वाकलेल्या, सोनेरी-तपकिरी मखमलीने मढवलेल्या या शेंगा दिसायला सुंदर असतात. कोंढाणे लेण्यांच्या वाटेवर किंवा पेठच्या किल्ल्याच्या चढणीवर एखादा नवखा त्या मखमलीला हात लावतो आणि पुढचा तासभर नुसता खाजवत राहतो. गुरांमागे हिंडणारी ठाकर-कातकऱ्यांची पोरे तिला लांबूनच ओळखतात. अंगाला लागलीच तर शेण थापायचे, वाळू द्यायचे आणि कुसांसकट खरवडून काढायचे, हा गावातला जुना उपाय. ही खाजकुयली. कुणी तिला नुसती कुयली म्हणतात, वैद्य कपिकच्छू म्हणतात.

दुसरे झाड लाजरे आहे. सावलीत, ओलाव्याला वाढणारे, गुडघाभर उंचीचे. एका पेऱ्यावर तीन-चार पाने, तांबड्या देठांवर पांढरी फुले, पिकल्यावर काळी पडणारी फळे. ही सर्पगंधा. तिची मुळी कडूजहर असते. देशभर या मुळीसाठी ती इतकी खणली गेली, की आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे.

या दोन झाडांतले दोन रेणू १९५७ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एका सशाच्या शरीरात एकमेकांसमोर आले. एकाने सशाला लुळा पाडला, दुसऱ्याने उठवला. मेंदूच्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात आणि त्या बोलण्यात बिघाड झाला की माणूस थरथरतो किंवा त्याचे भान सुटते, हे आज आपण सहज बोलून जातो. त्या समजुतीच्या पायाशी हा ससा आहे. सशाला उठवणारा रेणू, म्हणजे डोपा, त्या प्रयोगशाळेत कुयलीच्या बियांतून काढलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण रेणू तोच. त्या सशापर्यंतची वाट कलकत्ता, मद्रास आणि मुंबईवरून गेली होती, आणि तिथून पुढची एक वाट कर्जतजवळच्या वेणगावापर्यंत आली आहे.

सुरुवात कलकत्त्यापासून करू. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध छापला. त्यात सर्पगंधेची मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते, असे त्यांनी अनुभवाने नोंदवले होते. उत्तर भारतात ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जातच होती. नवे होते ते रोग्यांकडे डॉक्टरी नजरेने पाहून केलेले टिपण. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतली अल्कलॉइडे वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलिन’ असे नाव दिले. एवढे झाले तरी बाहेरच्या जगाने वळून पाहिले नाही.

कुयलीची गोष्ट मद्रासची. तिथल्या विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली कुयलीच्या बियांतून एल-डोपा वेगळा केला आणि लंडनच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. हा रेणू त्याआधी १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम यांना युरोपातल्या एका घेवड्यात सापडला होता. पण तो मेंदूत काय करतो, हे दोन्ही वेळा कुणालाच ठाऊक नव्हते. १९३८ मध्ये पीटर होल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की शरीरातले एक विकर (एन्झाइम) डोपाचे डोपामिन करते. त्या डोपामिनलाही तेव्हा मान नव्हता. अॅड्रेनलिन बनवताना मध्ये लागणारा एक टप्पा, एवढीच त्याची ओळख होती.

मग मुंबईत रुस्तम जाल वकील पुढे आले. परळच्या केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ सर्पगंधा वर्षानुवर्षे वापरत होते, आणि वापरून गप्प बसणारे नव्हते. रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर मुळी देऊन त्यांनी आकडे मांडले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. कलकत्त्याच्या निबंधाने जे झाले नव्हते ते परळच्या या निबंधाने झाले. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा तपासायला घेतली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळीतला मुख्य रेणू शुद्ध करून त्याला ‘रेसर्पिन’ असे नाव दिले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना दिला. ज्यांना बांधून ठेवावे लागे असे रोगी शांत होऊन बोलू लागले. १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत क्लाइन होते आणि वकीलही होते. मुंबईच्या वैद्यकाच्या इतिहासात या निबंधाचा जितका उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मेंदूच्या रसायनाचे आधुनिक युग ज्या औषधांनी उघडले, त्यांतले एक परळच्या वॉर्डातून जगापुढे गेले.

रेसर्पिनला एक काळी बाजूही होती. काही रोगी खिन्न होत. जास्त मात्रेत काहींचे हात थरथरू लागत, चेहरा पुतळ्यासारखा निश्चल होई, पावले घासत पडत. म्हणजे हुबेहूब कंपवात, पार्किन्सनचा आजार. औषध थांबवले की तो ओसरे. एक रेणू देऊन एक आजार उभा करता येतो आणि काढूनही घेता येतो, याचा अर्थ आजाराची किल्ली रसायनात आहे. ही खूण फार मोलाची होती.

अमेरिकेत बेथेस्डाला बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसून आले, की रेसर्पिन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. त्याच वर्षी तिथे पाच महिने शिकायला आलेला अर्विड कार्लसन नावाचा स्वीडिश औषधशास्त्रज्ञ होता. सेरोटोनिनबरोबर अॅड्रेनलिनच्या कुळातली रसायनेही तपासावीत, असे त्याने ब्रॉडींना सुचवले. ब्रॉडींना तो वेळेचा अपव्यय वाटला. कार्लसन लुंडला परतला, सहकाऱ्यांबरोबर स्वतःच ते मोजले, आणि तेही साठे रिकामे झालेले आढळले.

इथे थोडे थांबून त्या पेशीत काय घडते ते पाहू, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपल्याकडे झोडलेले भात कणगीत भरतात. बाहेर खळ्यावर राहिलेल्या भाताला उंदीर-घुशी लागतात, कणगीतले टिकते. चेतापेशीच्या टोकाशी अशाच सूक्ष्म कणग्या असतात. शास्त्रात त्यांना पुटिका म्हणतात. पेशी डोपामिन तयार करते आणि पुटिकेच्या भिंतीतला एक प्रथिनाचा पंप ते आत भरतो. संदेश आला की पुटिका पेशीच्या कडेला येऊन फुटते, डोपामिन दोन पेशींमधल्या फटीत सांडते आणि समोरच्या पेशीवर ते ओळखणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे ग्राहींना, जाऊन भिडते. रेसर्पिन त्या पंपालाच चिकटून बसते. भरणी थांबली की डोपामिन बाहेर उघड्यावर पडते आणि विकरे त्याचा फडशा पाडतात. कणग्या रित्या होतात, पेशी मुकी होते. त्या पंपाचे जनुक १९९२ साली हाती लागले. म्हणजे सर्पगंधेची मुळी ज्या पंपावर बोट ठेवते, त्याचे जनुक सापडायला कलकत्त्याच्या निबंधापासून ६१ वर्षे लागली.

कार्लसनचा प्रयोग साधा होता. सशांना रेसर्पिन दिले. ते लुळे पडले, कान खाली लोंबले, हलेनात. आता रिकामे झालेले रसायन परत द्यायचे तर अडचण होती. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला थोपवतो. पण त्याचा कच्चा माल असलेला डोपा तो अडसर ओलांडतो आणि आत गेल्यावर पेशीच त्याचे डोपामिन करते. म्हणून त्याने डोपा टोचला. थोड्याच वेळात सशांचे कान उभे राहिले आणि ते हालचाल करू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन पाहिला, त्याने ससे उठले नाहीत. लिंडक्विस्ट आणि मॅग्नुसन या सहकाऱ्यांसह त्याने हे नोव्हेंबर १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले. पुढच्या दोन वर्षांत लुंडच्याच प्रयोगशाळांतून कळले, की मेंदूत डोपामिन स्वतंत्रपणे असते आणि त्याचा मोठा साठा हालचालींशी संबंध असलेल्या खोल भागात असतो.

लगेच सगळ्यांनी मान डोलावली असे नाही. मार्च १९६० मध्ये लंडनला सिबा फाउंडेशनची परिषद भरली. हेन्री डेल आणि जॉन गॅडम यांच्यासारखे दिग्गज समोर बसले होते, आणि मेंदूतल्या पेशी रसायनाने बोलतात ही कल्पना त्यांच्या गळी उतरली नाही. त्या काळी मेंदू म्हणजे विजेची यंत्रणा, असेच बहुतेक जण मानत.

पण त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्नीकिएविच आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी मृत रोग्यांचे मेंदू तपासले. नमुन्यात डोपामिन असले की त्यांच्या रसायनक्रियेत गुलाबी रंग येई. कंपवाताच्या रोग्यांच्या नमुन्यांत तो जवळजवळ आलाच नाही; फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. १९६१ मध्ये वॉल्थर बिर्कमायर यांच्याबरोबर होर्नीकिएविच यांनी जिवंत रोग्यांना एल-डोपा टोचला आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही काळ उठून चालली. परिणाम टिकेना, म्हणून अनेकांनी नाद सोडला. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने, थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू खूप वाढवत डोपा दिला आणि तेव्हा उपचार पक्का झाला. आजही कंपवातावरचे मुख्य औषध तेच आहे. कार्लसनला नोबेल मिळायला मात्र २००० साल उजाडावे लागले.

मुंबईतल्या काही डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आता एक सरळ प्रश्न होता. डोपा हे औषध आणि कुयलीच्या बीत साधारण ३ ते ६ टक्के डोपा. मग बीच का देऊन पाहू नये? डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रोग्यांना कुयलीच्या बियांची पूड दिली आणि १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त निकाल छापला. रोग्यांना गुण आला होता. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अंतःस्रावांच्या तज्ज्ञ डॉ. रमा वैद्य यांचा निबंध आला. त्यांच्याबरोबर केईएमचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या होते. डोपामिन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला लगाम घालते, तेव्हा प्रोलॅक्टिन वाढलेल्या रोग्यांत कुयली काय करते हे त्यांनी पाहिले. वैद्य पती-पत्नींचे हे दोन निबंध एकाच रेणूची दोन कामे तपासत होते.

पुढे झंडू कंपनीने बियांपासून केलेली पूड अमेरिकेतल्या बाला मण्यम यांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांत ६० रोग्यांना १२ आठवडे देण्यात आली. निकाल १९९५ मध्ये आला आणि तो अनुकूल होता. २००४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आठ रोग्यांवर डोपाची नेहमीची गोळी आणि कुयलीची पूड यांची समोरासमोर तुलना केली. गोळीचा परिणाम दिसायला सरासरी ६८.५ मिनिटे लागली, ३० ग्रॅम पुडीचा ३४.६ मिनिटांत दिसला. आठ रोगी म्हणजे थोडेच. तरी मळमळ आणि भ्रम यांसारख्या परिणामांमुळे बिचकणाऱ्या वैद्यकाने या वेलीकडे पुन्हा पाहावे, इतका तो निकाल ठळक होता.

म्हणून आयुर्वेदाला डोपामिन ठाऊक होते, असे कुणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. ग्रंथकारांनी कपिकच्छू वातशामक मानली, ती बलवर्धक म्हणून दिली. हे निरीक्षण त्यांचे, आणि ते मोठे आहे. रेणू, पंप आणि ग्राही ही दुसऱ्या रीतीने मिळवलेली माहिती आहे. दोन्हींचा मान ज्याचा त्याला द्यावा. आणि डोंगरावरून शेंगा आणून घरी पूड करून खाऊ नये. एका बीत किती डोपा आहे हे ना डोळ्यांना कळते ना जिभेला, आणि जास्त झाला की मन भ्रमिष्ट होते.

कुयलीच्या खाजेचीही एक शास्त्रीय कथा आहे. कुसांमध्ये ‘म्युक्युनेन’ नावाचे प्रथिने कापणारे विकर असते, हे १९५५ मध्ये शेली आणि आर्थर यांनी दाखवले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते त्वचेतल्या नेमक्या कोणत्या ग्राहींना छेडते हे शोधले. पित्त उठल्यावर येणारी खाज हिस्टामिनची असते, कुयलीची तशी नसते. ती वेगळ्या तंतूंनी मेंदूकडे जाते. जगभरच्या प्रयोगशाळांत खाज अभ्यासण्यासाठी आज कुयलीची कुसे वापरतात. जिच्यामुळे पोरे शेणात माखतात, ती वेल अशी दोन परींनी चेताशास्त्राच्या कामी आली.

मुंबईत या शास्त्राने मूळ धरले ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी तिथे रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला, आणि पुढे फळमाशीच्या जनुकांवरून चेतासंस्थेचे कोडे उलगडण्याची परंपरा तिथे वाढली. आज त्या संस्थेत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या प्रा. विदिता वैद्य यांना २०१५ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळाले. सेरोटोनिन पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढवते, हा त्यांच्या गटाचा महत्त्वाचा शोध. अशोक आणि रमा वैद्य यांची ही मुलगी. आईवडिलांनी रोग्याच्या खाटेशी जो प्रश्न विचारला होता, तो तिने पेशीच्या आत नेला.

आता कर्जतला परतू. डोपामिन कमी पडले तर कंपवात. आणि मेंदूच्या काही भागांत त्याचा जोर अवाजवी वाढला तर? १९६३ मध्ये कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनीच अंदाज बांधला, की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही स्किझोफ्रेनियावरची औषधे डोपामिन आणि त्याच्या कुळातल्या रसायनांच्या ग्राहींची वाट अडवत असावीत. सत्तरच्या दशकात फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळांनी ग्राही मोजून दाखवले: जे औषध ग्राहीला जितके घट्ट धरते, तितकी त्याची थोडी मात्रा पुरते. सर्पगंधा कणगी रिती करते. ही औषधे दाणे तसेच ठेवून समोरचे दार ओढून घेतात. अडवणूक जास्त झाली की रोग्याचे हात थरथरतात, हेही त्याच हिशेबात बसते.

दार ओढून घेणाऱ्या या औषधांचे काम वेणगावात रोज चालते. १९८८ च्या सुमारास मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी एका हॉटेलातून रस्त्यापलीकडे पाहिले. मळलेला, केस वाढलेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. ते त्याला आपल्या दवाखान्यात घेऊन गेले, न्हाऊ घातले, औषध सुरू केले. भान आल्यावर कळले, की तो आंध्रातल्या एका सुशिक्षित घरातला पदवीधर आहे. घरचे त्याला घ्यायला आले. त्यातून ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ उभे राहिले. आधी दोन खोल्या, मग दहिसर, आणि २००६ पासून कर्जतजवळ वेणगाव. रस्त्यावरून, फलाटांवरून आणलेली माणसे इथे येतात. गोळ्या सुरू होतात, काही आठवडे जातात, आणि एक दिवस रोगी आपल्या गावाचे नाव सांगतो. मग संस्थेचे कार्यकर्ते त्याला घेऊन रेल्वेने बिहार, बंगाल, तमिळनाडूपर्यंत जातात. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा अशी सात हजारांवर माणसे घरी पोचली होती.

कलकत्ता, परळ आणि लुंडमध्ये जे शोधले गेले, त्याची कसोटी माझ्या लेखी गावाचे नाव सांगण्याच्या त्या क्षणी लागते. ज्या आजाराला अंगात आलेय, करणी झालीय म्हणून सोडून दिले जाई, तो मेंदूचा आजार आहे आणि त्यावर स्वस्त गोळी आहे. अडथळा आता ज्ञानाचा नाही. फलाटावर स्वतःशी पुटपुटत बसलेल्या माणसाकडे बघून आपण डबा बदलतो, अडथळा तिथे आहे.

कर्जत, नेरळ, खोपोली, कुठल्याही स्थानकावर असा माणूस दिसला तर पोलिसांना कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार, मनोरुग्ण असावा असे वाटणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटक्याला संरक्षणात घेणे ही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे, आणि त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते.